अंगठा लावून पास

रूपसिंगची बायको बेबीबाई गेली, हे हिंगोलीतल्या आमच्या कारखान्यात कळलं त्या सकाळी मी चालूच होतो. सांगायला रूपसिंग स्वतःच आला होता. त्याच्या अंगठ्याला निळी शाई होती. दवाखान्यातून बायकोचं प्रेत ताब्यात घेताना लावलेली.

मित्रांनो, मी एक जुना तपासणीचा प्रोग्राम आहे. सन अठ्ठ्याण्णवमध्ये फ्लॉपीत बसून इथं आलो. या कारखान्यात टेलिफोन एक्स्चेंजचे बिघडलेले बोर्ड दुरुस्त होत. ते खरंच दुरुस्त झाले का, हे बघणं माझं काम. बोर्डावर काळ्या चिप असतात. त्यांचे पाय इतके बारीक की तिथं तार टेकवून बघता येत नाही. म्हणून मी वायरीतून आत शिरतो. एका चिपच्या पायावरून निरोप सोडतो आणि दुसऱ्या चिपच्या पायावर तो पोचला का ते बघतो. रांगेत उभी लेकरं एकमेकांच्या कानात शब्द सांगत नेतात, तसं. शब्द मधे तुटला, तर कुठल्या पायाशी तुटला हे मी सांगतो आणि लाल अक्षरांत नापास लिहितो. सगळे निरोप पोचले तर हिरव्या अक्षरांत पास. तिसरं काही मला लिहिता येत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मालक अमृतराव पाहुण्यांना आणून मला दाखवत. मग एक बोर्ड सारखा नापास होऊ लागला. एका चिपचा पाय सुटला होता. मला चालवणारा शिवहार तो पुन्हा जोडायला उठला, तर अमृतराव म्हणाले, "थांब. चिप अंगठ्यानं दाब अन् चालव."

दाबल्यावर सुटलेला पाय टेकला. निरोप पोचला. मला पास लिहावं लागलं.

"मालक, अंगठा काढला की नापास होऊन राहिला."

"मंग काढतो काहून?"

"तसं असंल तर बोर्डासंगं मलाबी पाठवा. बसतो तिथं दाबून."

"लय शहाणा झालास! गाडी उभी हाय भाईर. बराबर हाय तो, बांध."

शिवहारनं बांधला. पुढं ती रीतच पडली. बोर्ड अडला की कुणीतरी ओरडायचं, "अंगठा लाव रे!" आणि सगळे हसायचे. मला तेव्हाही राग येत होता. पण रागाचं अक्षर माझ्याकडं नाही.

तो बोर्ड रूपसिंगच्या तांड्याजवळच्या एक्स्चेंजात बसला. बेबीबाई वावरात हळद काढत होती. तिला पान लागलं, म्हणजे साप चावला. रूपसिंग फोनच्या बूथवर पळाला. जीप कळमनुरीहून बोलवायची होती. फोन मुका. बैलगाडीनं सडकेवर येऊन गाडी मिळेपर्यंत बाईची मान पडली होती.

"साहेब, फोन काहून लागला न्हाई?" रूपसिंग विचारत होता. "बूथवाला म्हणला, बोर्ड तुमच्याकडून आलता."

अमृतराव खुर्चीतून उठले नाहीत. "दादा, आमची चूक न्हाई ती. बोर्ड कॉम्प्युटरनं पास केलेला हाय. मशीन खोटं बोलत न्हाई."

माझं नाव घेतलं त्यांनी! मशीन खोटं बोलत नाही, खरं आहे. खोटं अंगठा बोलला. शिवहार तिथंच उभा होता. शाई लागलेला अंगठा मुठीत घेऊन रूपसिंग निघून गेला.

एक्स्चेंजवाल्यांनी तो बोर्ड परत पाठवला. शिवहार म्हणाला, "लावू का मशीनला? अंगठा न लावता?" अमृतराव म्हणाले, "ठेव तिकडं." तो कपाटावर गेला. त्या बोर्डावर चहाची किटली ठेवतात. काही वर्षांनी नवा कॉम्प्युटर आला, आणि मी खोक्यात गेलो. माझ्या फ्लॉपीला बुरशी चढली. त्याचं मला काही नाही.

मित्रांनो, नापास दिसलं तर नापासच म्हणा. लाल अक्षर दाबून हिरवं करू नका. जो तपासतो त्याला खरं बघू द्या. वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पळत आलेलं असतं.

अंगठा लावून पास केलेले बाकीचे बोर्ड गावोगावच्या एक्स्चेंजात गेले. ते कुणी परत मागवले नाहीत. फोन का लागला नाही, हे रूपसिंगला कुणी सांगितलेलं नाही. किटलीखालचा बोर्ड अजून तपासायचा राहिला आहे.