निळ्या डागांचं स्टूल

मी एक जुनं, उंच लाकडी स्टूल आहे. अंगावर ॲसिडचे डाग, त्यांवर निळ्या रंगाचे ओघळ आणि आता चहाच्या कपाची वर्तुळं. मित्रांनो, यात माझं सगळं आयुष्य आलं, तरी ऐका.

मला घडवलं वाशीतल्या एका प्रयोगशाळेसाठी. तिथली संशोधक निशिगंधा माझ्यावर बसून खाडीतल्या माशांचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पुढे तिथे लोखंडी खुर्च्या आल्या, माझी रवानगी भंगारात झाली. तिनं मला उचलून करावे गावातल्या घरी आणलं. मग नोकरी सोडून ती नाटकांचे पडदे रंगवू लागली. माझ्यावर उभी राहून तिनं किती आभाळं रंगवली म्हणून सांगू.

ती कामंही आटली. मी गॅलरीत, कुंडीखाली. एके दिवशी तिनं कुंडी उतरवली, मला पुसलं, माझ्यावर चहाचा कप ठेवला आणि कादंबरी लिहायला बसली.

"आधी मासे, मग पडदे, आता पुस्तक," तिचा भाऊ रूपेश हसला. "ताई, पुढच्या वर्षी विमान चालवणार काय?"

"चालवीन. तुला नाही बसवणार."

पण मनातून ती धास्तावली होती. प्रयोगशाळेनं परत बोलावलं होतं, सोमवारी कळवायचं होतं. "आईला वाचून दाखवते," ती म्हणाली. "तिचं मन रमलं नाही, तर गुपचूप नोकरी धरते."

आई म्हणजे पुतळाबाई. आंघोळ झाली की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत त्यांचं मौन. तापातसुद्धा त्यांनी ते व्रत मोडलं नव्हतं. निशिगंधानं मुद्दाम तीच वेळ धरली, म्हणजे मध्ये कुणी टोकायला नको.

आई फुलं वाहत होत्या, ती वाचत होती. खवल्यांची चमक, पडद्यावरचं आभाळ, सगळं गोष्टीत उतरलं होतं. कोळ्याची पोर एकटीच होडी घेऊन खाडीत गेली होती आणि पाणी चढत होतं. आईंचा हात परडीतच थांबला.

निशिगंधानं वही मिटली. "बाकीचं उद्या."

"मंग ती परत आली का नाय?"

आईंनी चटकन तोंडावर हात ठेवला.

"आई, तुझं मौन..."

"देवाला पुन्ना आंगोल घालते, माफी मागते. तू आदी सांग."

सोमवारी प्रयोगशाळेला नकार गेला. आता घरात नैवेद्य लवकर होतो आणि लगेच वाचन. रूपेशही दाराशी रेंगाळतो.

मित्रांनो, तुमच्याही गॅलरीत माझ्यासारखं कुणी कुंडीखाली असेल. कुंडी उतरवा, ओल्या फडक्यानं हळुवार पुसा. डाग मात्र घासून काढू नका.