रूपचंदच्या स्कोपची रेघ

"भाऊ, तासभर बंद ठेव तुनी चक्की! मनी रेघ सरळ येत नही!" रूपचंद भिंतीवर थापा मारत ओरडला.

पलीकडून हिलालचा आवाज आला, "तुना डबडासाठे बंद करू? मंग मना पोरेसले काय खावाडू, तुन्या तारा?"

भिंत वाटणीत घातलेली. अलीकडे धाकट्याची टीव्ही-दुरुस्ती, पलीकडे थोरल्याची पिठाची चक्की. पाचोऱ्यात रंगीत टीव्ही घरोघर झाले, तसा रूपचंदला ऑसिलोस्कोप हवासा झाला. वीज कशी हलते ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. विकतचं परवडेना, म्हणून पठ्ठ्या स्वतःच बनवायला बसला. आकडे मोजणारा बोर्ड जमला. घोडं अडलं ते इनपुटपाशी, बाहेरचा सिग्नल धक्का न लावता आत घ्यायच्या जागी. तपासायची सुई ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, टेकवली की सपाट रेघ यायला हवी. यायची ती बाभळीच्या फांदीसारखी काटेरी. त्याने वर पत्र्याचा डबा चढवला, कॅपॅसिटर बदलले, इनपुट दोनदा नव्याने केला. काटे तसेच.

"त्यानी मोटरच घाण करस," तो बायकोला म्हणायचा.

"तुमनंच डोकं फिरनं शे," यशोदा म्हणायची.

अहो, एकदा तरी चक्की बंद असताना बघायचं! पण चक्की थांबायची ती रात्री, आणि तेव्हा दुकान नि घर मिळून असलेल्या त्या एकाच खोलीतला दिवा यशोदा झोपायला म्हणून मालवायला लावायची. आणि खरं सांगायचं तर त्याला बघायचंच नव्हतं. त्याला दोष हिलालचाच हवा होता.

हिलाल घरगुती मीटरवर चक्की चालवतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. रूपचंदने ते वीज कचेरीत जाऊन सांगितलं. माणसं आली, हिलालची लाईन तोडून गेली.

"सख्खा भाऊ ना तू!" हिलालची बायको कमलबाई त्याच्या दारात येऊन थुंकली.

रूपचंदने दार लावून घेतलं. पलीकडे चिडीचूप. त्याने स्कोप सुरू केला. काटे! जसेच्या तसे.

आता भांडायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो पहिल्यांदा आपल्याच यंत्रात नीट बघू लागला. इनपुटचं ग्राउंड त्याने आकडे मोजणाऱ्या बोर्डाच्याच तारेला जोडलं होतं, आणि त्या बोर्डाची सगळी खडखड तिथून आत शिरत होती. त्याने इनपुटसाठी वेगळी तार थेट पॉवर सप्लायपर्यंत नेली. रेघ सपाट झाली. वीतभर तारेचं काम! यशोदालाही त्याने काही सांगितलं नाही.

हिलालला दंड आणि नवी जोडणी झेपेना. आठवड्याभरात त्याने चक्की सावद्याच्या एकाला विकून टाकली. टेम्पो दारात लागला, पण चक्कीचा दगड उचलायला एक माणूस कमी पडत होता. गल्लीतलं कुणी हलेना. रूपचंद मान खाली घालून पुढे झाला, त्याने दगडाची दुसरी बाजू धरली.

हिलालने त्याच्याकडे बघितलं नाही.

"तुनी रेघ सरळ व्हयनी का?"

"व्हयनी, भाऊ."

"मंग जाऊ दे," हिलाल म्हणाला. "उचल."