नक्कल खरी असे

विषय : ब्लॉगवर जाहिराती लावण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : १) जाहिरात कंपनीचा नकाराचा ईमेल. २) त्यावर आमचा खुलासा. ३) आमचा फेरअर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी एक ब्लॉग बोलतोय. मुक्काम सारंगखेडा, तापीकाठ. ज्यांना ब्लॉग काढून पैसे कमवायचे आहेत, त्यांनी माझी हकीकत अवश्य वाचावी. व्हिडिओतल्या गुरुजींपेक्षा मी कमी बोलतो आणि मागे संगीतही वाजवत नाही.

माझे मालक हेमराज चौधरी. वरिष्ठ लिपिक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, निरोपाच्या शालीची घडीसुद्धा मोडली नव्हती. एका दुपारी त्यांनी 'घरबसल्या लिहा, झोपेतही कमवा' असा व्हिडिओ पाहिला. लिहिण्याचा आणि दुपारच्या झोपेचा, दोन्हींचा अनुभव त्यांच्या सेवापुस्तकात भरपूर होता. त्याच संध्याकाळी मी जन्मलो. नाव ठेवलं 'मौजे सारंगखेडा व पंचक्रोशी माहितीपर संकेतस्थळ'. एवढं लांब नाव घेऊन हाक कोण मारणार? कोणी मारली नाही.

गुरुजींनी सांगितलं होतं, रोज लेख टाका. हेमराजरावांनी रोज टाकले. मधाचे फायदे, गुळवेलीचे फायदे, यशस्वी माणसं पहाटे काय करतात, सगळं दुसऱ्यांच्या ब्लॉगवरून जसंच्या तसं उचललं. चोरी करणारे ते गृहस्थ नव्हेत. म्हणून प्रत्येक लेखाखाली त्यांनी नोकरीभर लिहिलेली ओळ लिहिली : 'अस्सलबरहुकूम नक्कल खरी असे.' खाली नाव, हुद्दा आणि दिनांक.

जाहिरात कंपनीनं अर्ज नाकारला. कारण, मजकूर इतरांचा आहे.

हेमराजरावांना राग आला. त्यांनी खुलासा पाठवला : 'सदर मजकूर इतरांचा असल्याचे आम्ही स्वतःच प्रमाणित केले आहे. सबब नकलेच्या खरेपणाबद्दल शंका नसावी.' नकलेच्या खरेपणाबद्दल कंपनीला खरोखरच शंका नव्हती. उत्तर आलं नाही.

तोवर माझे वाचक दोन होते. एक हेमराजराव संगणकावरून, दुसरे हेमराजराव मोबाईलवरून.

जसोदाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे सगळं पाहत होत्या. पुतण्या मिथुनचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर बसायला त्याला घरचा माणूस हवा होता.

"याले वाचस कोण?" जसोदाबाईंनी विचारलं.

"वाचतीन लोके."

"कोणता लोके? तुम्हीच ना! जत्रालगून ठीक शे. मंग हाई बंद, आनि मिथुनना दुकानमा बसानं."

म्हणजे मुदत जत्रेपर्यंतची. आयुष्यभर साहेबांच्या मर्जीनं लिहिलं. आता कुठे स्वतःच्या नावानं लिहायला मिळालं होतं, तर समोर युरियाची पोती. आणि माझं काय? कार्यालयात मोडकी खुर्ची ज्या शेऱ्यानं जाते, तोच शेरा मला दिसू लागला : निर्लेखित.

दत्तजयंतीची यात्रा जवळ आली आणि घरातला फोन वाजू लागला. सुरतचे साडू, पुण्याचे जुने सहकारी, कुणाचा तरी मेहुणा. गाडी कुठे लावायची? घोडेबाजार कधी भरात असतो? घोडा घ्यायचा तर काय पाहायचं? हेमराजराव नोकरीभर यात्रेच्या बंदोबस्ताला, घोडेविक्रीच्या पावत्या फाडायला बसलेले. सगळं सांगायचे, फोन ठेवायचे आणि कपाळावर आठ्या घालायचे.

सून मयूरी भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, सकायपासून तेच ते सांगी ऱ्हायनात. एकदाच लिखी टाका ना."

"हाई काय लिखानं? हाई तं गावमा सर्वास्ले माहीत शे."

"गावले माहीत शे. फोन बाहेरथून ई ऱ्हायनात."

 हेमराजराव उठून माझ्याकडे आले. लिहिलं, 'यात्रेस येणाऱ्या सर्व इसमांस कळविण्यात येते की...'

मयूरीनं मागून वाचलं. "आबा, फोनवर असं बोलतस का तुम्ही?"

त्यांनी ती ओळ खोडली. बंद फोन कानाला लावला, 'हां, बोला' म्हणाले, आणि जे तोंडातून आलं ते लिहीत गेले. घोडा उन्हात पाहा, मांडवात नाही. त्याला पाणी पिताना पाहा. खडीवरून चालवा. चारही खूर स्वतः उचलून पाहा. आणि भाव मोठ्यानं बोलू नका. चारचौघांत आकडा पुकारलात तर व्यापारी तोंड फिरवतो. इथे रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात. आधी ओळखीच्या माणसाकडून बोटं शिकून घ्या.

मध, गुळवेल आणि पहाटे उठणारी यशस्वी माणसं त्या दिवशी निर्लेखित झाली. माझं नाव 'जत्रेला येताय?' असं झालं. अंगावर पहिल्यांदाच स्वतःचे कपडे चढले.

मयूरीनं लिंक सुरतेच्या साडूंना धाडली. साडूंनी ती कुठे कुठे धाडली, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

यात्रेत मी घोडेबाजारात पोचलो तो नवापूरकडच्या दावीदच्या हातात. वरातीसाठी भाड्यानं द्यायला त्याला घोडी घ्यायची होती. एका हातात मी, दुसऱ्या हातात लगाम. त्यानं घोडीला पाणी पाजलं, खडीवरून चालवलं, चारही खूर उचलले. मागच्या डाव्या खुरात चीर निघाली.

व्यापारी सुकलालचा चेहरा उतरला. "हाई कोणी शिकाडं रे तुले?"

"यात लिहिलंय," दावीद म्हणाला आणि मला पुढे केलं.

सुकलालनं खालचं नाव वाचलं. तेवढ्यात हेमराजराव आणि जसोदाबाई समोरून येताना त्याला दिसले. तो तिथूनच ओरडला, "ओ आप्पा! पावत्या फाडेत तवलगून बरा व्हतात तुम्ही! मन्हा धंदा बसाडी दिधा!"

आजूबाजूचे हसले. त्यांतल्या दोघांनी आपापले फोन वर करून दाखवले. त्यांतही मीच होतो.

जसोदाबाईंनी दावीदच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. "काय वाची ऱ्हायना भाऊ?"

"ब्लॉग आहे, मावशी. हा नसता तर मी लंगडी घोडी घरी नेली असती."

सुकलालनं दुसरी घोडी काढली. दावीदनं तीही पाणी पाजून, चालवून पाहिली आणि आकडा न पुकारता हात पुढे केला. वर रुमाल पडला. बोटं बोलली, सौदा झाला. सुकलाल जाता जाता हेमराजरावांच्या कानाशी म्हणाला, "आप्पा, मन्हा घोडास्वर बी दोन शब्द लिखा ना."

"खूर पाहीसन लिखसू," हेमराजराव म्हणाले.

जसोदाबाईंनी तिथूनच फोन लावला. "मिथुन, दुकानले दुसरा माणूस दख. तुन्हा काकाले येळ नही."

हेमराजरावांनी खांद्यावरची शाल नीट केली. निरोपाचीच होती, त्या दिवशी पहिल्यांदा घडी मोडून घेतली होती.

नवीन ब्लॉगवाल्यांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. लोक तुम्हाला फोन करून जे विचारतात, ते लिहा. फोनवर बोलता तसं लिहा. नातेवाइकांना वाचायची सक्ती करू नका. गरज पडली की ते रात्री-अपरात्रीही वाचतात. उद्या जाहिराती आल्याच, तर त्यांवर स्वतः टिचक्या मारू नका. कंपनीला आपल्यापेक्षा हिशेब जास्त येतो. आणि झोपेत कमवायचं असेल, तर आधी बराच काळ जागं राहावं लागतं.

यात्रा उठली. वाचक अजून येत आहेत, आता ते पुढच्या वर्षीचं विचारतात. हेमराजराव रोज दुपारी झोप सोडून उत्तरं लिहितात. खाली फक्त नाव असतं. हुद्दा नाही आणि नकलेची ओळ नाही.

जाहिरातींसाठीचा फेरअर्ज यात्रा उठल्यावर सादर केला आहे. कंपनीची पोच मिळाली आहे. अर्ज प्रलंबित आहे.