शकीबाने अडवलेला चेंडू

मी शकीबाचा फुटबॉल बोलतोय. आवाज दबका येईल, सांभाळून घ्या. सध्या मी एका बैठकीच्या गादीत, कापसाच्या आत शिवलेला आहे आणि माझ्यात हवा उरलेली नाही.

जन्म माझा फुटबॉल शिवणाऱ्या सियालकोटचा. अफगाणिस्तानातल्या हेरातच्या बाजारात मला आदेलाबाईंनी उचललं. शाळेत भूगोल शिकवायच्या त्या.

"मुलाला हवाय का?" दुकानदाराने विचारलं.

"मुलगा नाही मला. पोरगी आहे, आणि ती गोल अडवते."

ती शकीबा. लांब हातांची, अबोल. बाकीच्या मुली मला लाथा मारायच्या. ही मला छातीशी घट्ट धरायची. तिच्या कुशीत आलो की मैदानावरचा सगळा गलका थांबायचा.

त्या वर्षी आदेलाबाई प्रांताच्या परिषदेची निवडणूक लढवत होत्या. विरोधकांनी भिंतीभिंतीवर शकीबाचा खेळतानाचा फोटो चिकटवला. खाली लिहिलं, 'हिची मुलगी परक्या पुरुषांसमोर धावते.' मग मोहल्ल्यातले वडीलधारे हाजी रऊफ घरी आले.

"बाई, मतदान होईपर्यंत पोरीला घरात ठेवा," चहा ओतून घेत ते म्हणाले. "एकदा निवडून आलात की खेळू दे हवं तेवढं."

ते गेल्यावर शकीबा म्हणाली, "आई, मी उद्या नाही जात. तू निवडून ये."

"तुला घरात कोंडून मी तिथे बोलू कुणासाठी?" आदेलाबाई म्हणाल्या. "बूट पुसून ठेव."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मैदानावर आल्या आणि सामन्याची पहिली लाथ त्यांनीच मला मारली. उंच टाचांचे बूट घालून! मी भलतीकडेच गेलो. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, घरी पातेलं करपतंय!"

"करपू दे," त्या म्हणाल्या, "आज धन्याला सांगितलंय ढवळायला." हसणारे त्यांच्या बाजूने हसू लागले.

त्या थोडक्यात निवडून आल्या. परिषदेत मुलींसाठी मैदानाची वेळ मागितली, तेव्हा सदस्य म्हणाले, शिवणकामाचा वर्ग पुरे आहे. "मैदान कुणाच्या बापाचं नाही," एवढंच बोलून त्या खाली बसल्या. वेळ मिळाली. चार वर्षं मी भरपूर मार खाल्ला. माझे चांगले दिवस तेच.

मग सरकार कोसळलं. परिषदेला कुलूप लागलं, मुलींच्या शाळेलाही. प्रशिक्षक बाईंचा फोन आला. "जर्सी जाळा. फोटो पुसून टाका. खेळत होतो म्हणून कुणाला सांगू नका." शकीबाने आपली जर्सी स्वतःच्या हाताने तंदूरमध्ये टाकली. मला जाळता येईना. रबराचा वास मोहल्लाभर गेला असता. आदेलाबाईंनी विणायची सुई माझ्या तोंडात खुपसली. हवा बराच वेळ जात राहिली.

"माफ कर रे," त्या मला म्हणाल्या. शकीबा भिंतीकडे तोंड करून उभी होती. रात्री ती झोपल्यावर त्यांनी मला बैठकीच्या एका गादीत शिवून टाकलं.

संघातल्या काही मुली सीमेपलीकडे गेल्या. शकीबाचंही गाठोडं बांधून तयार होतं. पण नव्या राजवटीचे बंदूकवाले आईची चौकशी करून गेले होते, आणि वडील वारल्यापासून दोघींना नेणारं कुणी नव्हतं. गाठोडं तिने सोडलं. आदेलाबाई तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

हाजी रऊफ पुन्हा आले. मी ज्या गादीत होतो, तिच्यावरच बसले. "माझ्या पुतण्यासाठी शकीबाला मागतोय. नवी मंडळी माझं ऐकतात. तुमच्या घराला आधार होईल, बाई."

"ती लग्न करणार नाही," आदेलाबाई म्हणाल्या. पण आवाज परिषदेतला नव्हता. दाराकडे बघत बोलत होत्या.

आतून शकीबा आली. "माझ्या आईला कुणी हात लावणार नाही, हे मशिदीत चार लोकांसमोर कबूल करा. मग मी तयार आहे."

"शकीबा, आत जा."

"तू गप्प बस, आई."

आईला असं ती पहिल्यांदाच बोलली. हाजींनी शब्द दिला, आणि खोटं का बोलू, आजवर तो पाळलाही. आदेलाबाई जिवंत आहेत. घराबाहेर पडत नाहीत.

लग्नात गाद्या द्यायची रीत. आदेलाबाईंनी ही गादी निवडून दिली. शकीबाला काही सांगितलं नाही, पण गादी झटकताना तिची बोटं थबकली, तेव्हा मला कळलं की तिलाही कळलं.

तिचा नवरा तसा वाईट नाही. परवा गादीवर कलंडत म्हणाला, "हा काय गोळा आहे इथे? पिंजाऱ्याला बोलावून कापूस सारखा करून घेऊ."

"राहू द्या," शकीबा म्हणाली. "मला सवय झालीय."

मला अजून झालेली नाही. तुमच्याकडे एखादी पोरगी मैदानावर असेल, तर तिला हाक मारून घरात बोलवायची घाई करू नका.