उडघोरपडीची कलेजी

येरमाळ्याच्या शरणबसप्पांच्या, म्हणजे अप्पांच्या, घरात अंड्यानं कधी उंबरा ओलांडला नव्हता. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपकासुद्धा ते उजेडात धरून बघत. आणि त्याच घरात त्यांची लेक शिवरंजनी मोबाईलवरच्या गेममध्ये खुशाल उडघोरपडी सोलत बसायची. पंखांची, शिंगांची, नाकातून धूर सोडणारी ही घोरपड. तिची कलेजी काढ्यात घातली, की मरायला टेकलेला गडी टुणकन उठतो. असे काढे करण्यात शिवरंजनीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तलवार चालवण्यात तिच्या मैत्रिणीचा, मिनाजचा. रविवारी सोलापूरच्या पोरांशी फायनल होती. जिंकलं तर दोघींना पुण्याच्या संघात जागा. शिवरंजनीला ती जागा इतकी हवी होती, की तिला जेवण गोड लागत नव्हतं.

शनिवारी ऐन जेवणात मिनाज फोनमधून ओरडली, "रंजे, कलेजी किती हाय गं?"

अप्पांचा घास हातातच राहिला. "कसली कलेजी?"

मग खटलाच उभा राहिला. शिवरंजनी म्हणाली, घोरपड खोटी, कलेजी खोटी, रक्तही खोटं. अप्पा म्हणाले, "नियत तर खरी हाय न्हवं?" शेवटी तिनं त्यांना गेममधला बाजार दाखवला. खेळणारेच तिथं एकमेकांना माल विकतात, भाव वरखाली होतो. अप्पांनी चष्मा चढवला. सगळा जन्म किराणा दुकानात गेलेला माणूस. भाव हलताना दिसला की राग-लोभ सगळं विसरायचा.

"आपण खात न्हाय ना?"

"न्हाय, अप्पा."

"मग खेळ."

रविवारी अंघोळ-पूजेला जाताना तिनं भाव बघायला फोन त्यांच्याच हाती दिला. परत आली तर अप्पा नुसते खुलले होते.

"सगळी खपवली! सकाळपासनं भाव चढत व्हता. गिऱ्हाईक लई भलं, घासाघीस न्हाय का काय न्हाय."

शिवरंजनीनं गिऱ्हाइकाचं नाव वाचलं. सोलापूरवालेच होते. फायनलसाठी माल गोळा करत होते, म्हणून तर भाव चढला होता.

तिला अप्पांचा असा संताप आला, की रडूच फुटलं. "आता माज्याच कलेजीवर ते आमाला हाणतील!"

अप्पांचा चेहरा उतरला. "दुसरी कुठं मिळंल?"

"रानात, जित्या घोरपडीत. पण एकानं शिंगं धरायची, दुसऱ्यानं मारायचं. मिनाज अजून बसमधी हाय, तिला रेंज न्हाय. आन् अर्ध्या तासात फायनल."

अप्पा उठले आणि त्यांनी घरापुढच्या दुकानाचं शटर खाली ओढलं. आईच्या फोनवर पोरीनं गेम चोरून भरून ठेवला होता, हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं. तो फोन त्यांनी उचलला आणि कपाळावरची विभूती एकदा चाचपली.

"शिंगं तू धर," ते हळूच म्हणाले. "मारतो म्या."