दिवस मावळायच्या आत

पुच्च!

एवढासा आवाज, पण अख्खं स्वयंपाकघर श्वास रोखून उभं होतं, म्हणून तो केवढा तरी मोठा वाटला. रुचितानं ड्रॉपर अलगद वर उचलला. पमी तान्ही असताना तिला औषध पाजायचा तो ड्रॉपर, आता उकळत्या पाण्यातून काढून या कामाला लावलेला. पांढऱ्या बशीच्या कडेला काकवीचा एक टपोरा थेंब, त्याच्या शेजारी त्याहून धाकटा, त्याच्या शेजारी आणखी धाकटा.

सासूबाई, सीताबाई, पदरानं चष्मा पुसून बशीवर वाकल्या.

"झालं?"

"झालं, आत्ती." रुचिता माहेरची जयसिंगपूरची; तिच्या माहेरी कानडी वळणानं सासूला आत्ती म्हणत.

"ह्येवढंच? चिमणी शिटल्यागत?"

पाच वर्षांची पमी ओट्यावर बसली होती, ती हसता हसता खाली घसरायला आली. दारात हेल्मेट घेऊन उभ्या असलेल्या पारसनं तोंड पलीकडं फिरवलं. बायकोच्या परीक्षेच्या दिवशी नवऱ्यानं हसणं बरं दिसलं नसतं.

"आत्ती, बोटीवर असंच वाढतात. सात पदार्थ, सात बश्या. एकेका बशीत दोन घास."

"आन् पोट कशानं भरायचं? समुद्राच्या वाऱ्यानं? आमच्यात असं वाढलं तर व्याही पानावरनं उठून जाईल."

"म्हणून तर आपल्यात कुणी बोट बांधली न्हाय," पारस म्हणाला, आणि मग मात्र सगळेच हसले.

ती बोट, म्हणजे सहलीला निघणारं क्रूझ जहाज, सोळा मजल्यांची होती. रुचितानं ती फक्त मोबाइलवर पाहिली होती, पण आता तिला ती माहेरच्या गल्लीसारखी पाठ होती. पाचव्या मजल्यावर इटालियन, सहाव्यावर फ्रेंच, अकराव्यावर जपानी; तिथं आचारी तुमच्यासमोरच तव्यावर कालथे नाचवतो. बोटीवर तिकिटातच पोटभर जेवण मिळतं, तरी लोक आठवडाआधी टेबल राखून, ठेवणीतले कपडे घालून या खास हॉटेलांत जेवायला जातात. अशी सात हॉटेलं एका बोटीवर. सीताबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "मग लोकं समुद्र कवा बघत्यात?"

आता आठवं निघत होतं, भारतीय. त्यात एक कोपरा जैन जेवणाचा. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीतून उपटलेलं काही नाही, आणि तरी खाणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत असं. त्या कोपऱ्यासाठी आचारी हवा होता.

सहा वर्षांपूर्वी हॉटेलचा कोर्स संपवून रुचिता अशाच एका बोटीसाठी निवडली गेली होती. पत्र आलं त्याच आठवड्यात पमीची चाहूल लागली. तिनं ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटातल्या शालूखाली ठेवलं आणि घरी जैन डबे करायला लागली. गेल्या दिवाळीला आवराआवर करताना पिशवी सीताबाईंच्या हाती लागली. त्यांनी शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून ते वाचून घेतलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ह्ये परत येतंय का बग. पोरगी काय माझ्याकडं राहत न्हाय व्हय?"

त्यानंतर फॉर्म झाला, मोबाइलवरच्या दोन मुलाखती झाल्या, आणि आज शेवटचं: प्रत्यक्ष रांधून दाखवायचं. आज हुकलं तर पुन्हा होणे नाही, हे रुचिताला ठाऊक होतं. आणि आज जमलं तर सहा महिने घराबाहेर, हेही.

त्यासाठी तिनं एक युक्ती करून ठेवली होती. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून लाल टिकल्या आणून दोन डब्यांत मोजून भरल्या होत्या, एकशे ऐंशी पमीच्या, एकशे ऐंशी स्वतःच्या. रोज दिवस मावळला की पमीनं इथं फ्रिजवर एक लावायची, आईनं तिथं आपल्या कपाटावर एक. दोघींच्या डब्या रिकाम्या झाल्या की आई घरी. पमीला हा खेळ इतका आवडला की आई कधी जाते असं तिला झालं होतं. रुचिताला त्याचं बरंही वाटे आणि कुठंतरी टोचेही.

"चल, उशीर हुईल," पारस म्हणाला. "आणि टेन्शन घेऊ नकोस. तुझा रस्सा म्हंजी विषय हार्ड हाय, तोड न्हाय त्याला."

परीक्षा ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होती. परीक्षक शेफ ब्रागांझा, मूळचे मडगावचे, चौदा वर्षं बोटीवर काढलेले. उंच, टकले, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. रुचिताला तेच अवघड गेलं; कोल्हापुरात इतक्या हळू फक्त आजारी माणसाजवळ बोलतात.

दोन तास मिळाले. पहिली दहा मिनिटं परक्या ओट्यावर डबे शोधण्यातच गेली. मग कढईत सुकं खोबरं आणि तीळ खमंग व्हायला लागले, तो वास नाकात गेला आणि हात आपोआप घरचे झाले. कांदा-लसणाशिवाय तांबडा रस्सा जमतो यावर कोल्हापुरात कुणाचा विश्वास बसत नाही. ब्याडगी मिरचीचा रंग, खोबऱ्याचा दाटपणा, आजऱ्याच्या काजूची गोडी आणि शेवटी वरून फोडणी. त्यात तुपावर परतलेली कच्ची केळी. शेजारी आजऱ्याच्याच घनसाळ तांदळाची लिंबाएवढी मूद. बशीच्या कडेला काकवीचे तीन थेंब. पुच्च, पुच्च, पुच्च.

शेफनी एक चमचा घेतला. थांबले. दुसरा घेतला. डोळे मिटले. मग चमचा खाली ठेवून रुमालानं ओठ टिपले.

आणि रुचिताच्या तोंडून, तिला कळायच्या आत, भर पंगतीतला आवाज सुटला, "घ्या की आणखी! एवढ्यानं काय हुतंय!"

नुसतं म्हणून थांबली असती तरी चाललं असतं. तिनं डाव भरून रस्सा त्या नक्षीदार बशीत ओतलासुद्धा. काकवीचे तीन थेंब बुडाले. मूद होडीसारखी तरंगायला लागली.

कोपऱ्यात भांडी घासणारी बाई तोंडाला पदर लावून वळली. रुचिताचे कान तापले. गेलं, तिला वाटलं. सहा वर्षं शालूखाली, आणि एका डावात गेलं.

"आमच्याकडं पाहुण्याला 'आणखी घ्या' म्हणायचं नसतं," शेफ तितक्याच हळू म्हणाले. पण बशी त्यांनी संपवली. मूदसुद्धा. "आता एक प्रश्न. आतापर्यंत चौघांना विचारला. जूनमध्ये बोट नॉर्वेच्या वरच्या टोकाला जाते. तिथं त्या दिवसांत सूर्य मावळत नाही. रात्री बारालाही लख्ख ऊन. गेल्या वर्षी चाळीस जैन पाहुणे होते. निम्मे म्हणाले, दिवस मावळलाच नाही, आम्ही अकरालाही जेवणार. निम्मे म्हणाले, मग दिवस संपला कधी ते सांगा, नाहीतर आम्ही जेवतच नाही. दोन्हीकडचे माझ्यावर चिडले. तुम्ही काय कराल?"

रुचितानं दिवस मावळायच्या आत जेवण आयुष्यभर केलं होतं. पण मावळलाच नाही तर, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण कोल्हापुरात तो रोज मावळतो.

"चौघांनी काय सांगितलं?"

"एकानं सांगितलं, पडदे ओढू."

तिनं हातातला डाव खाली ठेवला. "सर, मला माहीत नाही. पण घरी विचारू का?"

शेफच्या भुवया वर गेल्या. "परीक्षेत?"

"बोटीवर असते तरी विचारलंच असतं."

त्यांनी बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "स्पीकरवर ठेवा."

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "हॅलो! काय झालं? करपलं?" सीताबाईंचा आवाज स्टीलच्या भांड्यांवर आपटून सगळीकडं घुमला.

"नाही, आत्ती. एक विचारायचंय. एका गावात सूर्य मावळतच नाही, रात्रीसुद्धा. तिथं आपल्या लोकांनी जेवण कधी बंद करायचं?"

"असलं कसलं गाव? कोण इचारतंय?"

"इथले मोठे शेफ."

"जेवलं का त्ये?"

"चाखलं."

"चाखून काय हुतंय? वाड की त्यास्नी!"

शेफनी रिकामी बशी फोनला दाखवली, जणू पलीकडून दिसणार होती. फोनमधून पमीचं "आज्जी, कुठलं गाव गं?" ऐकू आलं आणि "थांब जरा" हेही.

"ऐक," सीताबाई म्हणाल्या, आणि या वेळी आवाज खाली आला होता. "मावळायच्या आत जेवायचं, त्ये काय सूर्यासाठी न्हाय. त्याला काय पडलंय आपण जेवलो का उपाशी? एक म्हंजी ताटात जीव पडला तर दिसाय पायजे. आन् दुसरं, माणसाच्या जिभेला कुणीतरी 'बास' म्हणाय लागतंय. हितं रोज सूर्य म्हणतोय. तिथं त्यो म्हणत नसंल तर आपुन म्हणायचं. सूर्य मावळत नसंल तर आपुन मावळायचं. घरी जवा हात धुतो तवा तिथं हात धुवायचा, सहा म्हंजी सहा. सांग त्यास्नी."

शेफनी खिशातून छोटी वही काढली आणि 'आपुन मावळायचं' हे वाक्य मराठीतच लिहून घेतलं. 'मावळायचं'मधल्या 'ळ'पाशी अडले, तो रुचितानं काढून दिला.

"जैन पाहुण्यांसाठी वेगळी पंगत, पाच वाजता," ते म्हणाले. "दहा मेला जर्मनीत, हॅम्बुर्गला बोटीवर चढायचं. आणि रस्सा बशीत नको. वाटी देऊ."

बाहेर पारस गाडीला टेकून उभा होता. तिनं काही सांगायची गरजच पडली नाही. ती जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या टाकत, आणि उद्यमनगरातल्या कारखान्यात दिवसभर लेथ मशीनवर एक शब्द न बोलणारा हा माणूस भर रस्त्यात ओरडला, "नाद खुळा!" रिक्षावाल्यानं कशाला म्हणून न विचारताच हॉर्न वाजवून साथ दिली.

"लौकर चल," ती मागं बसत म्हणाली, "आत्ती थांबल्या असतील जेवायच्या." ऊन कलंडलं होतं. पारसनं गाडी अशी हाणली की जणू सूर्याशीच पैज होती. सिग्नलला थांबले की दोघं एकदम पश्चिमेला बघत आणि एकदम हसत. हॅम्बुर्ग, तिनं हेल्मेटच्या आत म्हणून पाहिलं. हॅम्बुर्ग, हॅम्बुर्ग. तोंडात नवीन पदार्थ घोळवावा तसं.

गल्लीत शिरले तर सीताबाईंनी आधीच दवंडी पिटलेली. समोरचे गणपतराव गॅलरीतून ओरडले, "पोरी, त्या इंग्लंडच्या राणीला एक वाटी रस्सा पाठव!"

"ती राणी दुसऱ्या गावची, काका!"

"मग तिलाबी पाठव!"

पंगत घाईघाईनं पण थाटात झाली. सीताबाईंनी सुनेच्या ताटात तीनदा वाढलं. "खा. तिथं दोन-दोन घासच मिळायचं." मग त्यांनी स्वतःचे हात धुतले, पदराला पुसले आणि देवापाशी बसल्या. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती.

रुचिता पमीला घेऊन गच्चीवर आली. दोरीवरचे वाळलेले कपडे काढायचं निमित्त. पलीकडच्या घरांच्या टाक्यांमागं सूर्य लालबुंद होऊन टेकला होता. पमीच्या हातात टिकल्यांची डबी होती, सरावासाठी.

"आता?" पमीनं विचारलं.

"थांब. अजून कड दिसतेय."

"आता?"

"आता लाव."

पमीनं पाण्याच्या टाकीवर एक टिकली दाबून बसवली. मग डबी कानाशी हलवून पाहिली.

"आई, तिथं सूर्य मावळतच न्हाय म्हणं?"

"थोडे दिवस नाही मावळत."

"मग तू टिकली कधी लावणार?"

रुचिताला हसू आलं. या प्रश्नात तर ती आज पास झाली होती. तिनं पमीला कडेवर घेतलं. "आज्जी काय म्हणाली? सूर्य मावळत नसेल तर आपण मावळायचं. घड्याळात सहा वाजले की मी मावळणार आणि टिकली लावणार."

पमीनं विचार केला. टाकीवरच्या टिकलीकडं पाहिलं, खाली स्वयंपाकघरात लागलेल्या दिव्याकडं पाहिलं. मग आईच्या गालाला दोन्ही हात लावून तिचं तोंड आपल्याकडं वळवून घेतलं.

"तिथं एकटीनंच मावळायचं?"