मागचं कोण लावतंय?

रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. त्या दीड तासात आमच्यात कुणी शुभकामासाठी उंबरा ओलांडत न्हाय. गुंडूमामानं फोनवर सांगितलं, "राहुकाळ सोडून पावणं येतील," आणि मी आपलं सहाच्या पुढं धरून चाललो. नेसरीची माणसं साडेचारच्या आतच येऊन टेकतील, हे माझ्या ध्यानात आलं न्हाय. गुंडूमामाच्याबी आलं न्हाय. स्थळं जुळवण्यात उभा जन्म गेला त्याचा, पण नीट वेळ सांगंल तर शपथ.

मी शिवगंगा. कळंब्याला तळ्याच्या अलीकडं आमचं घर. मालक, मी आणि पोरगी भूमिका. तिला सत्तावीस पुरं झालं आणि त्या रविवारी तिला बघायला नेसरीचं पावणं येणार होतं.

शिरा करून ठेवला, भडंग डब्यात भरलं, बैठकीवरची चादर बदलली. सव्वातीन वाजलं. म्हणलं आता आपलं डोकं. मी पार्लरला जात न्हाय. तिथल्या पोरी खुर्चीत बसवून आधी आपल्या केसांची निंदा करत्यात आणि मग पैसे मागत्यात. डायची काळी पुडी आणायची, कोऱ्या चहाच्या पाण्यात कालवायची, कपाळाच्या कडंनं खोबरेल फिरवायचं म्हंजे कातडीला डाग धरत न्हाय. मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसायचं, खिळ्याला आरसा अडकवायचा. पुढचं आपल्याला दिसतंय, आपण लावतो. मागचं काय दिसत न्हाय. ते दुसऱ्यानंच लावायला पायजे. धा वर्सं ते भूमिका लावत आलती.

पण त्या रविवारी भूमिका माझ्याशी बोलत नव्हती. पंधरा दिवस झालतं.

त्याचं कारण सांगतो. भूमिका शाहूपुरीत एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात हाय. रोज सकाळी कामावर जायच्या आधी जिन्यात उभी ऱ्हाऊन एक फोटू काढती आणि इन्स्टावर टाकती. आज काय घातलंय, एवढंच. कधी माझी जुनी इरकल आणि वर बापाचा पांढरा शर्ट. कधी साधा सुती ड्रेस आणि पायात कापडी बूट. खाली लिवती, कापड कुठलं, कुणाकडं शिवलं, कसं धुवायचं. गेल्या वर्षी घरातच बसून डाव्या बाजूच्या दोन बटा जांभळ्या केल्या, तर त्ये कसं केलं त्येबी सगळं लिवलं. कुठल्या कुठल्या पोरी विचारत्यात, ही सांगत बसती. तोंडावर मी म्हणायचो, काय ही थेरं. पण भाकरी थापता थापता माझंबी लक्ष असायचं, आज हिनं काय काढलंय कपाटातनं.

मी लग्न होऊन आलो तवा माझ्याजवळ एक मोरपंखी पातळ होतं. माझ्या आईनं माझ्याच पसंतीनं घेतलेलं. घरात कायबी नव्हतं, सण नव्हता, वार नव्हता, नेसावं वाटलं म्हणून नेसलो. सासूबाई म्हणल्या, "कुणाला दाखवायचंय?" एवढंच. भांडल्या न्हाईत, ओरडल्या न्हाईत. पण त्यानंतर कपाट उघडलं की मला तेच ऐकू यायचं. तीस वर्सं. केस पांढरं झालं तरी डाय लावायला हात उचलला न्हाय. धा वर्सांमागं त्या गेल्या, तवा पयल्यांदा लावला, ते पण दार लावून.

आता भूमिकाचं. पयलं स्थळ इचलकरंजीचं आलं. पोराच्या बापानं शिरा संपवला, हात पुसलं आणि सांगितलं, लग्नानंतर फोटूबिटू बंद करावं लागंल. भूमिका उठून आत गेली ती पुन्हा भाईर आलीच न्हाय. दुसऱ्यांनी सांगलीहून फोनवरच तेच विचारलं. मग गुंडूमामा मला म्हणला, "शिवगंगे, पोरगी गुणाची हाय, पण तेवढं फोनमधलं झाकून ठेव. लगीन झाल्यावर काय करायचं ते करू दे की."

आणि मी शहाणी, मी ऐकलं. पोरीला समोर बसवलं, त्या इन्स्टाला कुलूप घालायला लावलं, आणि माझ्याच पुडीतला डाय घेऊन तिच्या दोन्ही बटा काळ्या केल्या. ती भांडली असती तर बरं झालं असतं. माझं बीपी वाढंल म्हणून गप बसली. मान खाली घालून बसली होती आणि मी ब्रश फिरवत होतो. सासूबाईंनी निदान तोंडानं म्हणलं होतं. मी तर हातानं केलं.

तवापासनं ती बोलंना आणि मला झोप येईना. एकच घोर. पोरगी झाकून दिली आणि उद्या त्यांना कळलं तर? तिथं कुणीतरी म्हणायचंच, कुणाला दाखवायचंय? मग ती पण माझ्यासारखी तीस वर्सं कपाटासमोर उभी ऱ्हाणार. पावण्यांना सरळ विचारून टाकावं, तर तोंड उघडायचा धीर होईना. नेसरीचं स्थळ चांगलं होतं. पोरगा शिवकुमार, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सुपरवायझर. हातचं जायला नको वाटत होतं.

तर पुढचं लावून झालं. अंगात जुना गाऊन, खांद्यावर मालकांची फाटकी बनियन, हातात ब्रश. मागं हात पोचंना. भूमिकाला हाक मारावी म्हणलं, पण अभिमान आडवा आला. तेवढ्यात पुढच्या दारी गाडीचा दरवाजा वाजला आणि गुंडूमामानं मालकांना आमच्यातला नमस्कार घातलेला ऐकू आला, "रुद्रय्या, शरणार्थी! पावणं आलं की!"

घड्याळात साडेतीन. आत जायचं तर स्वयंपाकघरातनं, आणि स्वयंपाकघर बैठकीतनं सरळ दिसतंय. माझी साडी पुढच्या खोलीतल्या कपाटात. धुऊन टाकावं तर पुढं अर्धवट काळं, मागं पांढरं धोट. मी तशीच दगडावर बसलो. म्हणलं मालक काहीतरी युक्ती करतील.

मालकांनी केली की युक्ती. पोराची आई म्हणल्या, पाय धुवायचंत, लांबनं आलोय. तर आमचं मालक म्हणलं, "या की, मागच्या दारी नळ हाय." दोन महिनं झालं त्या गोष्टीला, अजून मी त्यांना ते ऐकवतो.

दार उघडलं. बाई समोर. माझ्याच वयाच्या, हिरवं काठाचं लुगडं, कपाळावर इभूत. गौरव्वा त्यांचं नाव. मी टॉवेल डोक्यावर ओढायला गेलो, तर त्यालाबी काळं लागलं. त्यांनी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि दार मागं ओढून घेतलं.

"अक्का, किती वेळ झाला लावून?"

"धा मिंटं."

"मग अजून वीस मिंटं हायत. मागचं कोण लावतंय?"

"पोरगी लावती. ती आत आवरायलीय."

"द्या इकडं."

नको नको म्हणंस्तवर त्यांनी पदर खोचला, ब्रश घेतला आणि माझ्या मागं जाऊन उभ्या ऱ्हायल्या. हात असा सराईत की मी गप झालो. बट उचलायची, मुळाशी लावायचं, खाली वढायचं. म्हणल्या, पुडीत चिमूटभर मीठ घालत जावा, गळत न्हाय.

"तुम्हीबी घरातच लावता व्हय?" मी विचारलं.

"मग? नेसरीत पार्लर दोन हायत, दोन्हीत माझ्या पुतण्या हायत. सगळ्या गावाला कळंल. माझं मागचं शिवकुमार लावतोय. सुट्टीला आला की आधी माझं डोकं, मग त्याचं जेवण."

आपल्या आईच्या डोक्याला डाय लावणारा पोरगा मी अजून बघितला नव्हता. मला जरा हुशारी आली. पण लगेच त्या म्हणल्या, "अक्का, एक विचारू? राग मानू नका." आणि माझी हुशारी गेली. आलं म्हणलं. आता फोटूचं येणार.

"पोरीची तब्येत बरी हाय न्हवं?"

"व्हय की. का व?"

"न्हाय, पंधरा दिवस झालं तिचा फोटू न्हाय. मी रोज डेअरीला दूध घालून आलो की चहा पिता पिता बघतो. गुंडूनं बायोडाटा दिला तवा लेकीनं माझ्या फोनवर लावून दिलतं. तुमची पोरगी इरकल नेसून शर्ट घालती बघा, मी शेतात तसंच घालतो. वर मालकांचा जुना शर्ट. लोक हसायचं मला. तिचं बघितलं आणि म्हणलं, घ्या, आता ही फॅशन झाली." त्या हसल्या. मग हात थांबला. "आणि एकदम कुलूप दिसायला लागलं. मला वाटलं आजारी असंल. मग वाटलं आमच्यातलं कोण काय बोललं का? आमचं दीर आगाव हाईत. त्यांनी कुणाच्या कानावर घातलं असंल, असलं चालणार न्हाय म्हणून. तसं असंल तर सांगा, मी बघतो त्यांच्याकडं. पोरीनं आमच्यासाठी बंद केलं असंल तर मला ते नको."

व्हय म्हणलं असतं तर सुटलो असतो. दिराचं नाव त्यांनीच काढलं होतं, मला फक्त मान हलवायची होती. पण हिच्याशी खोटं बोलून पोरगी हिच्या घरात कशी द्यायची?

"कुणी बोललं न्हाय," मी म्हणलो. "मीच बंद करायला लावलं."

ब्रश भांड्यात बुडवल्याचा आवाज आला.

"आणि ती जांभळी बट? मगाशी पाणी घेऊन आलती तवा दिसली न्हाय."

"ती पण मीच. काळी केली."

आता त्या माझ्या पुढं आल्या. ब्रश हातात तसाच. "अक्का, आपलं वय झालं म्हणून आपण काळं लावतोय. तिचं काय झालतं? तिला कशाला लावलंसा?"

पंधरा दिवस मी स्वतःला हेच विचारत होतो, पण दुसऱ्यानं विचारल्यावर ते मस्तकात गेलं. मला रडूच कोसळलं. गौरव्वांनी बनियनचं टोक घेऊन माझ्या कपाळावरचा वघळ पुसला. म्हणल्या, "रडू नका, डोळ्यात जाईल. लई चुरचुरतंय." त्यावर मला रडताना हसूबी आलं. आणि छातीवरचं वझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यागत झालं. सासू कशी हाय हे बघायला लोक दहा ठिकाणी चौकशी करत्यात. मला ती धुण्याच्या दगडावर कळली.

तेवढ्यात भूमिका चहा घेऊन मागच्या दारात आली. पावण्या बाई पाय धुवायला गेल्या त्या आल्याच न्हाईत म्हणून बघायला. आम्हा दोघींना तसं बघून जागच्या जागी थांबली. गौरव्वा तिला म्हणल्या, "ये बाळ. तुझ्या आईचं झालंय बघ, कानामागचं तेवढं ऱ्हायलंय. मला चहा दे आणि हे तू धर." त्यांनी ब्रश तिच्या हातात दिला, नळावर हात धुतलं, आणि आत जाता जाता म्हणल्या, "सावकाश या ओ दोघी, राहुकाळ लागायच्या आधीच पोचलोय, आता काय घाई न्हाय."

आम्ही दोघीच ऱ्हायलो. ती मागं उभी ऱ्हायली. माझा कान वाकवून धरला आणि लावायला लागली. मी आरशात तिचं तोंड बघत होतो.

"भूमिका, ते कुलूप काढ."

"कशाला?"

"चुकलं माझं म्हणून. आत्ता काढ. हे स्थळ जमू दे न्हाय तर न जमू दे, तू काढ."

तिचा हात थांबला. मग माझ्या मानेवर टप्पकन काहीतरी पडलं. मला वाटलं डाय गळला, म्हणून हात लावून बघितला. बोटाला काळं लागलं न्हाय, नुसतं पाणी.

"आई," पंधरा दिवसांनी पयल्यांदा तिनं मला हाक मारली, "मान खाली घाल की. दिसंना मला."

मी मान खाली घातली.